छातीत जळजळ नसली तरी तपासणी हवी

महोदय,

फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या आम्लपित्ताच्या त्रासाकडे ‘साधी अ‍ॅसिडिटी’ म्हणून पाहणे चुकीचे आहे. शस्त्रक्रियेत जठराच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला इजा झाल्यास जठर उशिरा रिकामे होते. शिवाय नव्या फुफ्फुसाच्या नसा तुटलेल्या असल्याने खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि अन्ननलिकेत उलट आलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंब रुग्णाच्या नकळत श्वासमार्गात उतरतात. दीर्घकालीन रिजेक्शनशी (शरीराने नवे फुफ्फुस नाकारण्याशी), म्हणजे सूक्ष्म श्वासनलिका आकसत जाण्याशी, याचा संबंध आढळला आहे. गोळ्यांनी आम्ल कमी होते, पण पित्तक्षार व पेप्सिन हे जठरातील पाचक विकर वर येतच राहतात! अनेकांना तर जळजळही होत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता अन्ननलिकेतील आम्लता मोजणारी २४ तासांची पीएच तपासणी व्हावी आणि गरज भासल्यास फंडोप्लिकेशन शस्त्रक्रियेचा (जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून उलट प्रवाह रोखण्याचा) विचार वेळीच व्हावा, असे मला वाटते.

– एक वाचक