चीनच्या बातमीत पार्टी सेक्रेटरीचं नाव का नसतं?

संपादक महोदय,

चीनमधल्या एखाद्या प्रांताची बातमी आली की तुमच्या पेपरात गव्हर्नरचं नाव असतं, कधीकधी तर चक्क 'राज्यपाल' असं छापलेलं असतं, आणि ते वाचून खरंच वाईट वाटतं कारण वाचकाला वाटतं हाच तिथला मुख्य माणूस. तसं नाहीये. गव्हर्नर हा प्रांत सरकारचा प्रमुख, रोजचा कारभार बघतो, पण त्याच्या वर कम्युनिस्ट पार्टीचा प्रांतातला सेक्रेटरी असतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. गव्हर्नर सहसा त्याच पार्टी कमिटीत डेप्युटी असतो, म्हणजे नंबर दोन.

2022 मध्ये शांघायचा (प्रांताच्याच दर्जाचं शहर) मोठा लॉकडाऊन झाला तेव्हा तिथे सेक्रेटरी होते ली छियांग, लोक घरात अडकलेले, खाण्यापिण्याचे हाल, आणि पुढच्याच मार्चमध्ये हा माणूस देशाचा पंतप्रधान झाला, तोही आधी उपपंतप्रधान न होता! हे कसं झालं ते त्यांचं करिअर बघितल्याशिवाय कळत नाही. शी जिनपिंग 2002 ते 2007 चच्यांग प्रांतात होते तेव्हा ली त्यांच्या हाताखाली काम करत होते, मग चच्यांगचे गव्हर्नर, मग च्यांगसू प्रांताचे सेक्रेटरी, मग शांघाय. स्वतः शी पण हपेई प्रांतातल्या चंगतिंग या एका काउंटीपासून (आपल्या तालुक्यासारखा भाग) सुरुवात करून फूच्येन, चच्यांग, शांघाय असेच वर गेलेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षण. शींच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ, त्यांच्या पिढीत इंजिनियर भरपूर, ते स्वतः जलविद्युतवाले, पुढे क्वेचौ प्रांतात आणि तिबेटमध्ये सेक्रेटरी होते. आता बघा, 2022 मध्ये छोंगछिंगचे (हेही प्रांताच्या दर्जाचं शहर) सेक्रेटरी झालेले युआन च्याच्युन चीनच्या शेन्झौ अंतराळयानाच्या कामातून आलेले, आणि 2022 मध्येच शांघायचे सेक्रेटरी झालेले छन चीनिंग पर्यावरणाचे शास्त्रज्ञ, छिंगह्वा विद्यापीठाचे प्रमुख होते. अर्थात डिग्री आणि अनुभव असून सगळं सुरळीत होतं असं नाही, छोंगछिंगचेच दोन सेक्रेटरी, बो शिलाय आणि सुन चंगत्साय, आज जन्मठेप भोगतायत.

आणि बायका? 1949 पासून प्रांताच्या सेक्रेटरी झालेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच, 2020 मध्ये शन यीछिन क्वेचौच्या सेक्रेटरी झाल्या ती खरं तर पहिल्या पानाची बातमी होती.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी सेक्रेटरी आणि गव्हर्नर दोघांची नावं द्या आणि आधी ते कुठे होते याची एक ओळ तरी छापा.

आपला,
एक नियमित वाचक