गिटारच्या माथ्यावरचे नाव

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आमच्या गल्लीतील एका तरुणाने गेल्या महिन्यात 38 हजार रुपये मोजून एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती दाखवायला माझ्याकडे आणली. मी अंबडच्या एका कारखान्यातील टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस. संगीतातले मला फारसे कळत नाही. परंतु नातीच्या स्वस्त गिटारपायी वर्षभर चाललेली माझी खटपट सिडकोतल्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो आला. गिटारच्या माथ्यावर, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या भागावर, ‘फेंडर’ हे जगप्रसिद्ध नाव झळकत होते.

मी सवयीने व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचे साधन) लावला. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या लाकडी अंगाची जाडी पावणेदोन इंच, म्हणजे साधारण 44.5 मिलिमीटर असते. ही 40 भरली. पुढची प्लास्टिकची पट्टी स्क्रू काढून उचलली, तर आत प्लायवूडचे थर आणि स्वस्त रेडिओत असतात तसले चिमुकले पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) दिसले. शेवटी टॉर्च तिरपा धरून माथा पाहिला, तेव्हा नावाच्या खाली पॉलिश पेपरने घासल्याचे ओरखडे स्पष्ट दिसले. मूळ कारखान्याचे नाव कुणीतरी खरवडून काढले होते, त्या जागी स्टिकर चिकटवला होता आणि वरून लॅकरचा हात दिला होता. माझ्या नातीची गिटार आतून जवळजवळ अशीच आहे. फरक एवढाच की तिच्यावर कारखान्याचे स्वतःचे, कुणी न ऐकलेले नाव आहे आणि ती आम्ही 8 हजार 500 रुपयांना नवी घेतली होती. उरलेले साडेएकोणतीस हजार त्या मुलाने एका स्टिकरचे मोजले.

हे पत्र लिहिण्याचे कारण मात्र केवळ ही फसवणूक नाही. ही हकिकत ज्यांना सांगितली त्यांपैकी बहुतेकांनी ‘नकली माल घेतला की असेच व्हायचे’ असा शेरा मारला आणि माझ्या नातीच्या गिटारलाही त्याच पंक्तीत बसवले. प्रतिकृती (स्वतःच्या नावाने विकलेली नक्कल) आणि बनावट माल (दुसऱ्याचे नाव लावून विकलेली नक्कल) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की प्रामाणिक स्वस्त वाद्य विकणाऱ्याची उगाच बदनामी होते व स्टिकर लावणाऱ्याचे आयतेच फावते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या गिटारची एवढी नक्कल होते ती स्ट्रॅटोकास्टर 1954 साली कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून बाहेर पडली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. (ही माहिती वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते.) त्यांची रचना सगळी दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्याने केलेली आहे. मान अंगाला डिंकाने चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी आवळलेली असते; पिकअप (तारांचे कंपन विजेच्या रूपात पकडणारे चुंबक व वेटोळे), पॉट आणि स्विच एकाच पट्टीवर बसवलेले असल्याने पट्टी उचलली की सगळे हाताशी येते. जी वस्तू सुटी करून पुन्हा जोडता येते तिची नक्कल होणारच, आणि ती हवी तशी बदलणेही सोपे जाते. तिच्या अंगाच्या आकारावर स्वतःचा हक्क नोंदवण्याचा फेंडर कंपनीचा अर्ज अमेरिकेतील ट्रेडमार्क मंडळाने 2009 साली फेटाळला, कारण तो आकार तोवर अनेक कारखान्यांच्या हातून सार्वजनिक होऊन गेला होता. कंपनीचे नाव व बोधचिन्ह मात्र तिचेच आहे. खुद्द फेंडरने 1982 पासून ‘स्क्वायर’ या नावाने आपल्याच गिटारींच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आणल्या, तेव्हा त्यांच्या माथ्यावर नावही वेगळे घातले, ते याच हिशेबाने.

याच कंपनीची आणखी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तिने 1950 साली ‘ब्रॉडकास्टर’ नावाची गिटार काढली. त्याच उच्चाराच्या नावाचे ड्रम आम्ही आधीपासून विकतो, अशी हरकत ग्रेच या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने घेतली. तेव्हा फेंडरच्या कारखान्यातील माणसांनी तयार स्टिकरांवरचा तेवढा शब्द कात्रीने कापून टाकला आणि 1951 मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नवे नाव मुक्रर होईपर्यंत गिटारी त्या अर्धवट स्टिकरानिशी विकल्या. या गिटारींना पुढे लोक गमतीने ‘नोकास्टर’ म्हणू लागले, आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी मोठ्या रकमा मोजतात.

आता नातीच्या गिटारविषयी. घरी आणल्यावर पहिला महिनाभर ती वाजतच नव्हती, आणि ‘हिच्यावर चांगल्या कंपनीचे नाव नाही म्हणून’ असे निदान तिच्या मैत्रिणीने केले होते. मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) काढला. माथ्यापाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात. तार तिसऱ्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबली असता पहिल्या फ्रेटच्या वर केसभर फट राहावी, येथे 0.6 मिलिमीटरचे पाते अलगद जात होते. एवढ्या उंचीवरून तार दाबायची म्हणजे बोट तर दुखतेच, शिवाय तार ताणली जाऊन सूर चढतो, आणि मुलीला वाटते की आपलाच कान कच्चा आहे. खाचा खोल करण्याच्या खास कानशी फार महाग मिळतात. मी वेल्डिंगची नोझल साफ करायच्या खरखरीत तारांचा जुडगा वापरला. त्यात निरनिराळ्या जाडीच्या तारा असतात आणि त्या गिटारच्या तारांशी बऱ्यापैकी जुळतात. पहिला नट मी स्वतःच बिघडवला. दोन हात जास्त मारले गेले आणि मोकळी तार फ्रेटवर आपटून झणझणू लागली. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीवर जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासताना, मध्येमध्ये थांबून तार छेडून का पाहतात, ते मला त्या दिवशी कळले. हाडाचा दुसरा नट आणला आणि तो चार संध्याकाळी घालवून पूर्ण केला.

फ्रेट म्हणजे सतारीचे पडदे समजा, फक्त ते मानेत ठोकून पक्के बसवलेले असतात. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हवा कोरडी होते, मानेचे लाकूड आकसते आणि फ्रेटांची टोके कडेला बाहेर येऊन तळहाताला बोचतात. ती बारीक कानशीने तिरकी घासून घेतली. मानेच्या पोटात पोलादी सळई असते. ती पाव वळसा आवळून मानेचा बाक कमी केला. आवाजाचे बटण फिरवले की होणारी खरखर पॉट बदलून गेली. महात्मा गांधी रोडवर मिळालेल्या 250 किलोओहमच्या मोठ्या पॉटसाठी पट्टीतील भोके 9.5 मिलिमीटरपर्यंत वाढवावी लागली, एवढेच. राहिली होती ती सततची घूं घूं. एकाच वेटोळ्याचे पिकअप विजेच्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण थोडीफार पकडतातच, पण तारांना हात लावल्यावर ती कमी व्हायला हवी. येथे काहीच फरक पडत नव्हता. मागचे झाकण उघडले, तेव्हा स्प्रिंगच्या पट्टीला जोडलेली अर्थिंगची वायर नुसती टेकलेली होती, सोल्डर पकडलेच नव्हते. ती नीट जोडली आणि आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली. (गिटारच्या तारा या वायरमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, जुन्या वाड्यांत दोनच भोकांचे सॉकेट आहे म्हणून ॲम्प्लिफायरची तिसरी पिन काढून टाकण्याचा उद्योग कुणीही करू नये.)

पिकअप मी बदलले नाहीत. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका स्नेह्याला विचारले होते. पिकअपची तार 42 गेजची, म्हणजे तांबे जेमतेम 0.06 मिलिमीटरचे, आणि वेढे सात-आठ हजार. द्राक्षबागांचे पंप भरणाऱ्या त्या गृहस्थाने हात जोडले. नातीला आहे तो आवाज आवडतो, त्यामुळे तो विषय तेथेच मिटला. एकूण खर्च दोन हजारांच्या आसपास आला आणि नात आता त्याच गिटारवर तासन्‌तास बसते. उणीव होती ती दोन-चार दिवसांच्या हातकामाची. कारखान्याने किंमत उतरवताना नेमके तेच वगळलेले असते.

अशा फेरफारांना ‘मूळ वस्तूची मोडतोड’ म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. स्ट्रॅटोकास्टरचा, कोणता पिकअप वाजावा ते ठरवणारा स्विच सुरुवातीला तीनच जागांचा होता. वाजवणारे तो दोन जागांच्या मध्ये अडकवून वेगळा आवाज काढू लागले, आणि 1977 पासून कंपनीने स्वतःच पाच जागांचा स्विच बसवायला घेतला. प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी 50 डॉलरचे सदोष अंग, 80 डॉलरची मान आणि गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीचा पिकअप एकत्र करून आपली गिटार घरी जोडली होती.

सगळे जुळल्यावर त्या मैत्रिणीने दीडशे रुपयांचा फेंडरचा स्टिकर आणून दिला. ‘आजोबा, नुसती हौस म्हणून लावू या, आपण कुठे विकणार आहोत?’ असे नातीने विचारले. तिच्या म्हणण्यात खोट नव्हती, आणि क्षणभर मीही विरघळलो. पण गिटार माणसापेक्षा जास्त घरे फिरते. आज हौसेने लावलेला स्टिकर चार वर्षांनी दुसऱ्याच्या आणि मग तिसऱ्याच्या हाती जातो, तोपर्यंत तो कुणी आणि का लावला हे सांगणारे कुणी उरत नाही. शेजारच्या मुलाला गिटार विकणाराही कदाचित असाच फसलेला असेल; मी त्याला चोर म्हणायला तयार नाही. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 मात्र या बाबतीत कडक आहे. कलम 103 व 104 प्रमाणे खोटे बोधचिन्ह लावणे आणि तशी वस्तू विकणे या दोन्हींसाठी 6 महिने ते 3 वर्षे कैद व 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितलेला आहे.

तो स्टिकर मी परत पाठवला. शेजारच्या मुलाला मी एवढेच सुचवले आहे की ती गिटार पुढे विकायची झालीच, तर आधी माथा स्वच्छ करावा आणि खरी किंमत सांगावी. आपल्या शहरातील विक्रेत्यांना व जुनी वाद्ये घेणाऱ्या पालकांना, आपल्या वृत्तपत्राद्वारे, माझी विनंती आहे की अशा गिटारच्या बिलावर किंवा साध्या पावतीवर कारखान्याचे खरे नाव आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहिला जावा. आणि घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी व्हर्नियर नसला तरी निदान साधी मोजपट्टी अंगाच्या कडेला लावून पाहावी व टॉर्च तिरपा धरून माथा बघावा.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
सिडको, नाशिक