सातपूरच्या मिस्त्रीकाकांना जाहीर धन्यवाद

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझ्या गाडीचा क्लच नीट करून दिलात, त्या दिवशी तुमच्यासमोर मला धड बोलता आलं नाही. पैसे दिले, ‘येते काका’ म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मोहदरी घाटात चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा चढला आणि त्याच्याबरोबर गाडीही चढली. घाट संपेपर्यंत माझे डोळे भरून आले होते. हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून असं उघडपणे लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझ्याकडे फियाट लिनिया टी-जेट आहे, सेकंडहँड घेतलेली. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा आकडा ताकदीला 114 पीएस आणि ओढीला (टॉर्कला) 207 न्यूटन मीटर. आधीच्या मालकाने रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ताकद वाढवलेली. इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणारा क्लच मात्र कंपनीचाच ठेवलेला. टर्बो गाडीत जोर खालच्या आरपीएमलाच एकदम येतो, त्यामुळे वरच्या गिअरला चढावर तो क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी तिथल्या तिथे, आणि आत जळका वास. माझं घर पंचवटीत आणि नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत, म्हणजे रोज द्वारका, नाशिकरोड आणि पुढे घाट. ही गाडी हौसेची आहेच, पण माझं रोजचं पोटही तिच्यावर आहे.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे जिथे गेले, त्यांची नावं मी घेणार नाही. एकाने सांगितलं, फियाट बंद झाली, भंगारात द्या. एकाने माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. नवरा गाडी चालवतच नाही. मग एका मोठ्या, चकाचक दुकानात ‘रेसिंगचा माल’ म्हणून क्लच बसवून दिला. चार इंचांचा स्टिकरही फुकट चिकटवला. घसरणं थांबलं, हे खरं. पण पेडल असं जड की द्वारकेच्या कोंडीत डावा पाय थरथरायचा. आणि क्लच विजेच्या बटणासारखा, एक तर लागलेला नाहीतर सुटलेला, मधलं काही नाहीच. सोसायटीच्या चढावर रिव्हर्स घेताना सगळी गाडी थडथडायची. वॉचमन धावत यायचा. तक्रार घेऊन गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, हे लेडीजला जड जाणारच. सरांना चालवू द्या.’ गुडघ्याला सूज आली होती. डॉक्टरांनी गाडी बंद ठेवायला सांगितली. विकायची जाहिरात मी लिहून ठेवली होती.

तुमच्याकडे आले ती शेवटचं म्हणून. तुम्ही बॉनेट उघडलं नाही. ‘त्रास कुठे होतो, ते मला चालवून बघू दे,’ म्हणालात आणि ड्रायव्हरच्या बाजूला गेलात.

काका, मी बुटकी. माझी सीट स्टीअरिंगला चिकटलेली असते. आजवर ज्या ज्या मेकॅनिकच्या हातात किल्ली दिली, त्याने पहिल्यांदा खटकन सीट मागे ढकलली, आरसे फिरवले आणि गाडी परत देताना तशीच ठेवली. तुम्ही चांगले उंच. तरी सीटला हात लावला नाही. अंग चोरून आत शिरलात, गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आलेले, डोकं पुढे काढून बसलात. मी म्हटलं, ‘काका, सीट मागे घ्या ना.’ तुम्ही म्हणालात, ‘सीट मागे घेतली तर ताई, तुमचा पाय कसा दुखतो ते मला कसं कळणार?’

आणि त्याच अवस्थेत तुम्ही ऐन संध्याकाळच्या गर्दीत गाडी द्वारकेपर्यंत नेऊन आणलीत. मी शेजारी बसून बघत होते. तुमच्याही मांडीला कळ येत होती, ती तुम्ही हाताने दाबत होतात. इतके दिवस जे मी तोंडाने सांगत होते ते कोणीतरी आपल्या पायाने ऐकलं. मला त्या क्षणी रडू आलं असतं, रिक्षा आडवी आली म्हणून वाचले.

नंतर तुम्ही समजावलंत तेही मला माझ्या भाषेत, कमी लेखून नाही. क्लचची पकड वाढवायची तर क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब वाढवा, किंवा जास्त चावणारं मटेरियल वापरा. दाबाने पेडल जड होतं, चावऱ्या मटेरियलने सुटताना झटके बसतात. त्या दुकानाने दोन्ही एकदम केलं होतं: ट्रॅकवर चालणारी सिरॅमिक पॅडची प्लेट, मधे झटका शोषणारी स्प्रिंग नसलेली, आणि वर भलती कडक प्रेशर प्लेट. माझ्या गाडीला इतक्या पकडीची गरजच नव्हती. तुम्ही मधे स्प्रिंग असलेली साधी ऑरगॅनिक, म्हणजे कमी चावणाऱ्या मटेरियलची, प्लेट घातलीत, प्रेशर प्लेट कंपनीच्या प्लेटपेक्षा थोडीच कडक, आणि फ्लायव्हीलवरचे, म्हणजे क्लच जिच्यावर घासतो त्या इंजिनच्या जड चकतीवरचे, तापून पडलेले निळे डाग मला बोट लावून दाखवलेत. बाकी गिअरबॉक्स उतरवल्यापासून काय काय केलंत ते तुम्हालाच ठाऊक. ‘कंपनीइतका हलका होणार नाही, ताकद वाढवली तर थोडं तरी पायाला कळणारच,’ हेही तुम्ही काम हातात घेण्याआधीच सांगितलंत. तसंच आहे. थोडा जड आहे. पण सुटताना मऊ सुटतो, आणि द्वारकेला मी आता गाणं ऐकत उभी असते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे न्यूट्रलला, क्लच दाबून न ठेवता. पहिले काही शे किलोमीटर पूर्ण जोर द्यायचा नाही, हेही पाळते आहे. घाटात तो एकदाच मोह झाला, आणि तोही अर्धाच.

काका, हुशार माणसं नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. अंबड-सातपूरच्या शेडमधून काय काय बनून देशभर जातं ते मी रोज बघते, मीही त्याच धंद्यातली आहे. समोरच्याचं दुखणं खरं मानून कामाला लागणारी माणसं मात्र मला फार थोडी भेटली. आमच्या कारखान्यात एक जुने फोरमन होते, ऑपरेटरने मशीन जड चालतं म्हटलं की आधी स्वतः तासभर त्या मशीनवर उभे राहायचे. तुम्हाला बघून त्यांची फार आठवण आली.

गाडी परत मिळाली तेव्हा सीट माझ्याच जागी होती, आरसेही. पेडलचं झिजलेलं रबर तुमच्याकडच्या पोराने न सांगता बदललं होतं आणि त्याचे पैसे बिलात नव्हते. त्याला माझा निरोप द्या, ते माझ्या लक्षात आलं आहे. जाहिरात मी काढून टाकली आहे. दिवाळीच्या आधी एकदा क्लच ऑइल बघायला या म्हणाला होतात. येते, आणि फराळाचा डबा दोघांसाठी आणते.

तुमची,
टी-जेटवाली ताई, पंचवटी