प्लेजिंग कोणत्या सेमिस्टरला, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

ऑगस्टमध्ये आपली बरीच मुले बीएस इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेला जातात. व्हिसा, कर्ज, कुकर, मसाले, सगळ्याची घरात चर्चा होते. फ्रॅटर्निटीची, म्हणजे तिथल्या विद्यापीठांतील निवडक सदस्यांच्या विद्यार्थी संघटनेची, होत नाही. तिथे मात्र बहुतेक विद्यापीठांत पहिल्या काही आठवड्यांतच ‘रश’, म्हणजे नव्या सदस्यांची निवड, सुरू होते आणि पाठोपाठ प्रवेशाचे निमंत्रण, म्हणजे ‘बिड’, हाती पडते. फ्रॅटर्निटीत जाऊच नये, असे अजिबात म्हणणे नाही. परक्या गावात हक्काची माणसे मिळतात, इंटर्नशिपला ओळखी कामी येतात. अडचण वेळेची आहे.

16 क्रेडिट म्हणजे वर्गातले 16 तास आणि बाहेर दुप्पट अभ्यास, आठवड्याला 48 तास. त्यात लॅब फसवी: क्रेडिट एकच, पण तीन तास प्रयोग आणि वर रिपोर्ट. प्लेजिंग, म्हणजे नव्या सदस्याचा पक्के सदस्यत्व मिळण्याआधीचा उमेदवारीचा काळ, आणखी 10 ते 15 तास सहज खाते. कागदावर हे बसते. प्रत्यक्षात बसत नाही, कारण हे तास नेमके रात्रीचे असतात. शुक्रवारी सकाळी स्टॅटिक्सचा (स्थिर वस्तूंवरील बलांचा विषय) प्रॉब्लेम सेट द्यायचा आणि गुरुवारी रात्री हाउसवर, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या घरी, हजेरी. मग फ्री-बॉडी डायग्रामची (वस्तूवरील बले दाखवणाऱ्या आकृतीची) शेवटची दोन गणिते रात्री एकनंतर दुसऱ्याच्या वहीतून उतरवली जातात, आणि मिडटर्मला तशाच गणितावर हात थांबतो. स्टॅटिक्स राहिला की डायनॅमिक्स अडतो, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सही अडतो. स्टॅटिक्स वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर पदवीच लांबते.

म्हणून पहिले सेमिस्टर मोकळे ठेवावे. बिड स्प्रिंगमध्येही, म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरलाही, मिळते. काही विद्यापीठे तर नवागतांना पहिल्या सेमिस्टरला घेऊच देत नाहीत. प्लेजिंगच्या सेमिस्टरला लॅबचे दोन विषय एकत्र घेऊ नयेत, पण क्रेडिट 15 च्या खालीही नेऊ नयेत. एफ-1 व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट लागतात. 13 घेतले असतील आणि तीन क्रेडिटचा विषय सोडला, तर उरतात 10. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय असे केले तर थेट व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो.

हाउसवर जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल असते. प्राध्यापकांनी स्वतः खुल्या केलेल्याच वापराव्यात. बाकीच्या वापरल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

हेझिंगबद्दल, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळाबद्दल (आपल्याकडचे रॅगिंग), पालकांनी संकोच न करता विचारावे. 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा प्लेजिंगच्या रात्री पाजलेल्या दारूनंतर जिन्यावरून पडला आणि दगावला. मदत बोलवायला कित्येक तास लावले गेले. डिसेंबर 2024 च्या अमेरिकी केंद्रीय कायद्यामुळे आता विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते. बिड स्वीकारण्याआधी ती उघडून पाहावी. सेमिस्टरची वर्गणी किती आणि हाउसमध्ये वर्षभर राहण्याची अट आहे का, हेही लेखी मागून घ्यावे.

– एक शैक्षणिक समुपदेशक, पुणे