डेटाबेसची ट्रायल परीक्षेच्या हंगामात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवा संशोधन डेटाबेस (शोधनिबंध शोधून वाचण्याचा ऑनलाइन संग्रह) विकत घेण्याआधी विद्यापीठ ग्रंथालयांना बहुधा महिनाभराची मोफत ट्रायल मिळते. आर्थिक वर्ष संपत आलं की ती घाईने मार्च-एप्रिलमध्ये उरकली जाते. तेव्हा प्राध्यापक परीक्षा आणि पेपर तपासणीत अडकलेले असतात. वापर कमी दिसतो आणि ‘मागणी नाही’ असा शेरा पडतो. खान्देशातल्या ग्रंथालयांनी ट्रायल ऑगस्टनंतर, पण दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावी.

दुसरी गोम आयपीची, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्याची. प्रकाशक विद्यापीठाचा स्थिर आयपी नोंदवून घेतो आणि त्याच्या बाहेरून कोणी आलं की पैसे मागणारं पान दाखवतो. वसतिगृहाचं वायफाय वेगळ्या कंपनीचं असेल, तर आवारात बसूनही दार बंद! शहादा, तळोदा, चोपडा इथल्या महाविद्यालयांतल्या संशोधकांची तर गोष्टच सोडा. म्हणून पहिल्याच दिवशी प्रयोगशाळा, वसतिगृह आणि मोबाइल डेटा अशा तीन ठिकाणांहून उघडून पाहावं. बाहेरून वापरण्यासाठी ‘इन्फेड’ (यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राची, संस्थेच्या लॉगिनने प्रवेश देणारी सोय) किंवा प्रॉक्सी (विद्यापीठाच्या आयपीमार्फत जोडून देणारा सर्व्हर) चालते का, हे ट्रायलच्या आधीच ठरवून घ्यावं.

खरी कसोटी शोधाची. विक्री प्रतिनिधी दाखवतो ते शोध नेहमीच छान चालतात. आपण आपले पंधरा-वीस प्रश्न काढावेत: केळीवरचा करपा, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, सातपुड्यातला सिकलसेल, पावरा समाज, अहिराणी. स्पर्धेतल्या प्रत्येक डेटाबेसवर तेच प्रश्न त्याच दिवशी टाकावेत. पहिल्या वीस निकालांपैकी कामाचे किती आणि पूर्ण मजकुरात किती उघडले, एवढंच टिपावं. पिकांसाठी शास्त्रीय नावही टाकावं. पावरा शब्दाची रोमन स्पेलिंगं दोन-तीन आहेत. अहिराणीवरचं लेखन ‘खानदेशी’ या नावाखालीही असतं. भाषिक सर्वेक्षणात आणि जनगणनेत तेच नाव आहे. एकाच स्पेलिंगवर निकाल देणं अन्यायाचं.

मग यादी जुळवणी. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेत १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना उपलब्ध झाली. त्यातलंच पुन्हा विकत घेण्यात काय हशील? पण आयएसएसएन (नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक) जुळवताना एक्सेल दगा देतं. मधली रेघ नसेल तर सुरुवातीची शून्यं गायब होतात, म्हणून तो रकाना ‘टेक्स्ट’ करूनच चिकटवावा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे आयएसएसएन वेगळे असतात. दोन्ही जुळवले नाहीत तर पुनरुक्ती खऱ्याहून कमी दिसते, आणि त्यात फायदा विक्रेत्याचा. अनेक नियतकालिकं एकत्र देणाऱ्या डेटाबेसमध्ये काहींचे शेवटच्या १२ महिन्यांचे अंक पूर्ण मजकुरात नसतात. यादीतला ‘एम्बार्गो’चा रकाना तेवढ्यासाठी वाचावा.

वापराचा ‘काउंटर’ अहवाल (वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसारचा) मिळेल, हे सुरुवातीलाच लेखी घ्यावं. त्यात डाउनलोडइतकंच ‘परवाना नाही’ म्हणून परत गेलेल्यांच्या आकड्याकडे पाहावं. तो मोठा असेल तर मागणी आहे, वाट अडली आहे. दर मात्र एका वर्षाचा मागू नये. तीन वर्षांचा, दरवाढीच्या कमाल टक्केवारीसह आणि रुपयांत मागावा.

आपले,
खान्देशातील काही ग्रंथपाल