चार हीटर एकाच दिवशी जळत नाहीत: ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच विषय गाडीकडे वळवता, म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण हेडर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला की बहुतेकांचा हात आधी नव्या सेन्सरकडे जातो. माझाही गेला होता. तुम्ही तो वेळेवर धरलात.

कंपनीचे जड बिडाचे मॅनिफोल्ड काढून मी लांब नळ्यांचे हेडर बसवून घेतले होते. व्ही-सिक्स इंजिन, म्हणजे दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक हेडर. पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला आणि स्कॅनर लावला तर एकदम पाच कोड: पी ०१३५, पी ०१४१, पी ०१५५, पी ०१६१ आणि पी ०१७१. पहिले चार ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे (धुरातला ऑक्सिजन मोजणारे हे सेन्सर प्रत्येक बाजूला दोन), पाचवा म्हणतो की पहिल्या बाजूचं मिश्रण लीन आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ज्यांनी हेडर बसवले त्यांनी सांगितलं, चारही सेन्सर गेलेत, बदलून टाका. मी एक बदलला. कोड पुसले, गाडी फिरवून आणली, पाचही परत हजर. दरम्यान गाडी उभी असताना इंजिन वरखाली व्हायचं आणि सायलेन्सरमागे उभं राहिलं तर डोळे चुरचुरायचे. लीनचा कोड आणि कच्च्या पेट्रोलचा वास एकत्र कसे, हेच मला उमगत नव्हतं.

तुम्ही आलात तेव्हा पाना हातात घेतलाच नाहीत. कोड एकदा मोठ्याने वाचलेत आणि म्हणालात, "चार हीटर एकाच दिवशी जळत नाहीत. चौघांचं सामाईक काय आहे ते आधी बघू." ताई, या एका वाक्याने माझे तीन सेन्सरचे पैसे वाचले, पण त्याहून मोठं म्हणजे विचार कुठून सुरू करायचा ते कळलं. चौघांचं सामाईक होतं एक फ्यूज. तो उडालेला होता. नवा घातला, चावी फिरवली, तोही गेला. जरा जास्त अँपिअरचा लावून बघू, असं मी म्हणालो आणि तुम्ही फ्यूजचा डबाच माझ्याकडून काढून घेतलात. मग फ्यूजऐवजी वायर जळेल, हे तुम्ही ज्या गंभीरपणे सांगितलंत ते विसरणार नाही.

मग चारही सेन्सरचे कपलर (वायरी जोडायचे प्लग) सोडवून, नवा फ्यूज घालून, एकेक जोडत गेलात. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसरा, दुसऱ्या बाजूचा पुढचा सेन्सर, जोडताच फ्यूज गेला. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरल्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. नव्या हेडरवर सेन्सरची जागा खाली कलेक्टरवर, म्हणजे सगळ्या नळ्या एकत्र येतात तिथे, सरकल्यामुळे मूळ वायर पुरत नव्हती, म्हणून एक्स्टेंशन जोडलेली होती. ती कुठेच बांधलेली नव्हती. मधला झोल थेट हेडरच्या नळीवर टेकला होता. वरचं काळं आवरण पघळून चकचकीत झालं होतं आणि आतल्या पांढऱ्या वायरचं नखाएवढं तांबं उघडं पडून नळीला चिकटलं होतं. हीटरचे १२ व्होल्ट सरळ इंजिनच्या अर्थला. सेन्सर बिचारे चारही धडधाकट होते. मल्टिमीटर लावून तुम्ही प्रत्येकाच्या दोन पांढऱ्या वायरींमधला रेझिस्टन्स मला स्वतः मोजायला लावलात. चौघांचे आकडे जवळपास सारखे आले.

एक्स्टेंशन नवी घातली आणि नळ्यांपासून लांब, चेसिसच्या बाजूने धातूच्या क्लिपांनी बांधली. सेन्सरच्या स्वतःच्या वायरलाही एका जागी खरचटलं होतं. मी सोल्डरिंग आयर्न तापवत होतो, तेव्हा तुम्ही थांबवलंत. सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते, आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतून आत जाते. सोल्डरने त्या फटी बुजतात, कपलरमध्ये ग्रीस भरलं तरी तेच. म्हणून तिथे दाबून बसवायचा क्रिंप जोड. वायरीतून हवा जाते ही गोष्ट मी गाड्यांमध्ये इतकी वर्षं रमूनही कधी ऐकली नव्हती.

इंजिन थंड व्हायची वाट बघत बसलो होतो तेव्हा तुम्ही सांगितलंत की १९७६ मध्ये बॉशने हा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आणला, तेव्हा त्याला हीटर नव्हता. सेन्सरमधला झिर्कोनिया या सिरॅमिकचा तुकडा साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही, म्हणून त्याला इंजिनच्या अगदी जवळ बसवावं लागायचं. हीटर असलेला सेन्सर १९८२ मध्ये आला आणि मग तो लांब नेता येऊ लागला. त्या वेळी मला ती नुसती माहिती वाटली. नंतर लक्षात आलं की माझ्या गाडीचं दुखणंच तुम्ही समजावत होतात: लांब नळ्यांच्या हेडरवर सेन्सर खाली गेला की तो हीटरवरच जगतो. फ्यूज उडाला, तर उभ्या गाडीत धूर तिथवर पोचेपर्यंत निवतो आणि सेन्सर झोपी जातो.

चार कोड गेले. पी ०१७१ राहिला, आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडून सर्वांत जास्त शिकलो ते त्याच्यावर. तुम्ही स्कॅनरवर फ्युएल ट्रिम उघडलीत, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. उभ्या गाडीत पहिल्या बाजूची ट्रिम +२२ टक्के, दुसऱ्या बाजूची +२. इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर नेलं की पहिली बाजू +५ वर उतरायची. मी म्हणालो, इनटेकला कुठेतरी हवा लागते आहे. तुम्ही म्हणालात, असेल, पण सामाईक भागात गळती असती तर ती दोन्ही बाजूंना दिसली असती, पी ०१७४, म्हणजे दुसऱ्या बाजूचा लीनचा कोड, सुद्धा आला असता. एकाच बाजूला आहे, मग प्रत्येक बाजूला वेगळं असं नवं काय बसवलंय? हेडर.

मला वाटायचं की एक्झॉस्टची गळती म्हणजे आतला धूर बाहेर. तुम्ही समजावलंत की धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधे नळीत क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. कमी फेऱ्यांवर हे जास्त जाणवतं, म्हणून ट्रिम उभ्या गाडीत चढते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. त्याला काय माहीत की तो सिलिंडरमधून आलेला नाही? तो ०.४५ व्होल्टच्या खाली राहून कळवतो की मिश्रण लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, आणि इंजिन खरं तर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालायला लागतं. कच्च्या पेट्रोलच्या वासाचं कोडं तिथे सुटलं. पुढे तुम्ही काढून दाखवलेल्या स्पार्क प्लगवरची काळी काजळीही हेच सांगत होती.

फट शोधायची तुमची रीत इतकी साधी होती की प्रत्येकाने करून बघावी. इंजिन पूर्ण थंड. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकायच्या बाजूला लावून सायलेन्सरच्या टोकात चिंध्यांनी घट्ट बसवली, आणि बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारत गेलो. कलेक्टर कोरडा शांत. सेन्सर ज्यात बसतो त्या कडीचं वेल्डिंग शांत. पहिला फ्लँज (नळी इंजिनला बोल्टने जोडते ती चपटी पट्टी), दुसरा फ्लँज शांत. सगळ्यात मागच्या सिलिंडरच्या फ्लँजवर, खालच्या कडेला, बारीक पांढरा फेस हळूहळू फुगत राहिला. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त टॉर्च तिथे धरून ठेवलात. बोल्ट सोडल्यावर दिसलं की गॅस्केट बसवतानाच सरकलं होतं आणि त्यावर केसाएवढी काळी रेघ होती. फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी आडवी धरून तो वाकलेला नाही ना तेही तुम्ही बघितलंत. नवं गॅस्केट, बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. पुन्हा साबणाचं पाणी, या वेळी बुडबुडा नाही.

थंड इंजिन सुरू झाल्यावर जी बारीक टिकटिक मी हेडरचा आवाज समजत होतो, तीही गेली.

तुमच्या बाकीच्या दोन-तीन सूचना पाळल्यात, तेही कळवतो. दुसऱ्या बाजूची सेन्सरची कडी खालच्या अंगाला तोंड करून होती, त्यात पाणी साचून सिरॅमिक तडकलं असतं. ती आडव्या रेषेपासून दहा अंशांहून जास्त वर राहील अशी पुन्हा वेल्ड करून घेतली. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) फक्त आट्यांना लावलं, टोकाला एक कणही नाही. आणि सिलिकॉनचं सीलंट एक्झॉस्टजवळ आणलं नाही. मागच्या सेन्सरला फसवणारा पेच बसवून मिळतो, म्हणजे पी ०४२० (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) कधी येणारच नाही, असं एकाने सुचवलं होतं. तुम्ही त्याला दिलेलं उत्तर मला मनापासून पटलं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे आणि ठीक आहे, मग त्याची तपासणी करणाऱ्याला आंधळं कशाला करायचं? नाही बसवला.

तीन संध्याकाळ तुम्ही दिल्यात. पैशाचा विषय काढू दिला नाहीत. प्रत्येक वेळी मोजणी माझ्या हातून करून घेतलीत, घाई असतानाही. सेन्सर बिघडला असं ठरवण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचतंय ते बघायची सवय मला लागली, ती तुमच्यामुळे. याबद्दल मी तुमचा फार ऋणी आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे काही वेळा तापून निवल्यावर, परवा सकाळी थंड इंजिनवर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. बाकीचे जागच्या जागी होते. मागच्या सिलिंडरच्या एकाला पाव फेऱ्याहून कमी वळवावं लागलं. ट्रिम आज पहिल्या बाजूला +३, दुसऱ्या बाजूला +२. दिवा बंद आहे.

तुमचा ऋणी,
तीन संध्याकाळ टॉर्च धरून उभा असलेला तुमचा भाऊ