एक सळई राहिली होती

नाशिक,
रविवार, रात्र

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहे. आईचे गुडघे होते तसेच. फोनवर बोलायला गेलो की परवासारखे होते. तू चिडतेस, माझा आवाज चढतो आणि आई फोन ओढून घेते. म्हणून लिहायला बसलो.

तुला चक्कर आली, सलाईन लावावे लागले, हे तुझ्या मैत्रिणीकडून कळले. तू म्हणालीस नेटवर्क नव्हते. असो. त्यावर काही बोलायचे नाही असे ठरवले आहे. एवढेच सांग, त्या आठवड्यात सलग किती तास झोपली होतीस?

"बाबा, दिवस मावळला की तुमचे काम संपायचे, तुम्हाला डेडलाइन काय कळणार," असे तू म्हणालीस. ते मनातून जात नाही. जमिनीची मोजणी दिवसा व्हायची हे खरे, पण नकाशा रात्रीच चढायचा, स्वयंपाकघराच्या टेबलावर. आणि तातडी आमच्याकडेही होती. साधी मोजणी, तातडीची, अति तातडीची, शिवाय अति अति तातडीची. शेवटी शेवटी साधा अर्ज हातात आला की नवल वाटायचे. सगळेच तातडीचे झाले की आधी काय घ्यायचे हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. तुमच्याकडे ते कोण ठरवते? साहेब ठरवत नसतील तर तू ठरव आणि त्यांना आधी सांग, काम अंगावर आल्यावर नको.

तुला ती मोजणीची साखळी आठवते का? ३३ फुटांची, १६ भागांची, एकेका भागाला आम्ही आणा म्हणायचो. अंगणात पसरून तू तिच्यावर सोळापर्यंत मोजायला शिकलीस, सतराला अडायचीस. त्याच साखळीची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही.

मे महिना होता, दिंडोरीकडचे शेत, दोन भावांची वाटणी. आदल्या रात्री दोनपर्यंत दुसऱ्याच एका गावाचा नकाशा पुरा करत बसलो होतो. साखळी ओढायची, टोकाला सळई रोवायची, पुढे जायचे, शेवटी सळया मोजायच्या. सात होत्या, मी सहा लिहिल्या. एक सळई, म्हणजे ३३ फूट. तेवढ्या फरकाने थोरल्याची विहीर धाकट्याच्या हिश्श्यात गेली. पुढच्या महिन्यात मीच फेरमोजणी करून चूक दुरुस्त केली, कागद सरळ झाला. ते दोघे मात्र एकमेकांशी बोलायचे थांबले ते थांबलेच. थोरला मला काही बोलला नाही, विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून नुसता उभा होता. तो हात मला अजून दिसतो. मला गणित येत नव्हते असे नाही, ताई. मी झोपलो नव्हतो.

म्हणून तू मागे हसत हसत सांगितलेस ना, पृथ्वीच्या ६-६ अंशांच्या ज्या उभ्या पट्ट्यांना तुम्ही झोन म्हणता, त्यातल्या झोन ४३ चा नकाशाचा थर पहाटे तीनला ४४ चा समजून जोडला आणि सगळी गावे ६ अंश पूर्वेला सरकली, नाशिक गडचिरोलीपाशी जाऊन बसले, तेव्हा मी हसलो नव्हतो. एवढी मोठी चूक कुणालाही दिसते. एका सळईएवढी दिसत नाही.

तुझे काम महत्त्वाचे आहे हे मला सांगायला नको. पुरात उपग्रहावरच्या रडारने ढगांच्या आरपार पाणी कुठवर पसरले ते पाहायचे आणि चित्र उतरल्यावर काही तासांत नकाशा द्यायचा. आम्ही अजूनही नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले ते बघून पूर मोजणारी माणसे. २०१६ च्या ऑगस्टात पाणी चढत होते तेव्हा आपण पुलाजवळ उभे होतो, आणि तू म्हणालीस, हे वरून दिसायला हवे. आता तूच ते दाखवतेस. नाक्यावर ओळखीचे भेटले की मी सांगतो, आमची गोदावरी तेलंगणात बासरच्या पुढे ७८ अंश रेखांश ओलांडते, तिथून पुढचा झोन मुलीचा. त्यांना कळत नाही. तरी सांगतो.

एक चूक माझीही आहे. हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू करणाऱ्या लॅम्बटन साहेबाची गोष्ट मी तुला लहानपणी किती वेळा ऐकवली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची रेषा मोजली आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला, मोजणीच्या वाटेवरच गेला. कबर तिथेच आहे. काम करता करता जाणे म्हणजे मोठेपण, असे मी तुझ्या मनात भरवले. त्याच्यामागून आलेला एव्हरेस्ट तापाने खंगून १८२५ मध्ये इंग्लंडला गेला, पाच वर्षे तिकडेच राहिला, १८३० मध्ये नवी यंत्रे घेऊन परतला आणि त्याने तीच मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. हा भाग मी कधी सांगितला नाही. सांगायला हवा होता.

पुन्हा भाषणच झाले बघ. तुझ्या आजोबांसारखा झालो आहे, आई म्हणते ते खोटे नाही. माफ कर. रागावून नाही लिहीत. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, हातात कोथिंबीर होती. घरी आल्यावर आईने विचारले तेव्हा कळले की ती तिथेच कुठेतरी ठेवून आलो.

एक सांगतो, कर किंवा करू नकोस. तारीख विचारली की मनातल्या तारखेत दोन दिवस मिळवून सांग. रात्री बारानंतर केलेला नकाशा सकाळी पुन्हा पाहिल्याशिवाय पाठवू नकोस. पुराच्या रात्री ते जमणार नाही, कळते. पण रोजच पूर नसतो ना? त्या रात्री पाळी लावून घ्या, एकीने झोपायचे, एकीने बसायचे. तू झोपणारी झालीस तरी चालेल.

दिवाळीचे देवगिरी एक्सप्रेसचे तिकीट काढतो, तारीख कळव. आत्या डिंकाचे लाडू करून देणार आहे, निळ्या पिशवीतून पाठवतो, पिशवी परत आण. आपल्या धाकट्याने तुझी सायकल दुरुस्त केली, चालवत मात्र नाही.

फोन सकाळी कर. रात्री अकरानंतर केलास तरी उचलेनच, पण मग तू अजून जागीच आहेस हे कळेल आणि पुढे मला झोप येणार नाही.

तुझे
बाबा